रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय मोडायला हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऊस गळीत हंगामाची चाहूल लागली की आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टर आणि ट्रकच्या डागडुजीला वेग येतो. टायर बदलले जातात, ट्रॉलीचे हूक आणि साटे वेल्डिंग करून घेतले जातात, खंडेनवमीला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घातला जातो. या सगळ्या धांदलीत रेडिएटरचे झाकण उघडून आतले पाणी कसे आहे, हे पाहणारे मालक मात्र फार थोडे असतात. मग हंगाम जोरात आला की शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये वाकलेले हेड (इंजिनाचा वरचा भाग), उडालेले गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) आणि भोके पडलेले लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) येऊ लागतात. मी याच भागात हेड फेसिंगचे आणि लायनर बसवण्याचे काम करणारा कारागीर आहे. आमच्यापर्यंत येणाऱ्या कामाचा मोठा भाग इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेकडे झालेल्या दुर्लक्षातून आलेला असतो आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच सवय असते, ती म्हणजे रेडिएटरमध्ये हाताशी मिळेल ते पाणी ओतण्याची. ही सवय मोडावी आणि त्यासाठी साखर कारखान्यांनी पुढाकार घ्यावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता प्रत्यक्ष कामी येते, साधारण तेवढीच धुरावाटे निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेचा बराचसा भार पाण्याला वाहून न्यावा लागतो. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. तरीही इंजिन वर्षानुवर्षे टिकते, याचे कारण हेडच्या आणि ब्लॉकच्या पोकळ्यांमधून अखंड फिरणारे पाणी. त्या पाण्याने धातूला थेट स्पर्श केला पाहिजे, ही सगळ्यात महत्त्वाची अट आहे, आणि क्षारयुक्त पाणी नेमकी तीच अट मोडते.

आपल्याकडे, विशेषतः नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात, बोअरचे पाणी जड असते. शिरोळ तालुक्यात तर जमिनी क्षारपड झाल्याचे आपण कित्येक वर्षे वाचत आणि पाहत आलो आहोत. त्याच रानातल्या बोअरचे पाणी बादलीने काढून ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये ओतले जाते. पाणी तापले की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यात गरम जागी जाऊन चिकटतात, आणि इंजिनात सगळ्यात गरम जागा म्हणजे हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा भाग. अशा इंजिनाचे हेड उघडून पाण्याच्या भोकांत बोट घातले, तर मळकट पांढरा, खरखरीत थर लागतो आणि काही भोके तर पेन्सिलही जाणार नाही इतकी बुजलेली असतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, उष्णता सहज वाहून नेते, क्षाराचा थर ती अडवून धरतो. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा हा थर उष्णतेला जेवढा अडथळा करतो, तेवढा अडथळा करायला पंचवीस मिलिमीटरहून जाड बीड लागेल. म्हणजे रेडिएटर भरलेला असतो, पंप चालू असतो, पंखा फिरत असतो आणि तरीही व्हॉल्व्हच्या सीटजवळचा धातू आतल्या आत भाजत असतो. बिडाचे हेड असेल तर दोन सीटांमधल्या अरुंद पट्टीला तडा जातो, ॲल्युमिनियमचे असेल तर हेड वाकते. सरळपट्टी ठेवून फिलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, मोजले, तर बहुतेक चारचाकींच्या हेडला 0.05 ते 0.10 मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही, आणि एकदा चांगलेच तापलेले हेड ही मर्यादा ओलांडतेच. आम्ही ते घासून सपाट करून देतो. परंतु प्रत्येक फेसिंगला धातू कमी होतो, आणि डिझेल इंजिनात पिस्टन व व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर इतके थोडे असते की फार वेळा फेसिंग करताच येत नाही.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर असे की, कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे तयार द्रव, हे बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी आहे, आपल्याकडे पाणी कुठे गोठते? गोठण्याचा मुद्दा कोल्हापूरला लागू नाही, हे खरेच आहे. पण कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉलच्या जोडीला गंजरोधक द्रव्ये असतात आणि आपल्याला गरज आहे ती मुख्यतः त्यांची. एकाच इंजिनात बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, तांब्या-पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि कुठे कुठे शिसे व कथिलाचा डाग (सोल्डर), असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. साध्या पाण्यात, त्यातही क्लोराइड असलेल्या बोअरच्या पाण्यात, हे धातू एकमेकांना खातात. गंजरोधक द्रव्य धातूवर अतिशय पातळ संरक्षक थर धरून ही झीज रोखते. शिवाय ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदूही वाढतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातले पाणी येथे साधारण 98 अंशांनाच उकळते. रेडिएटरच्या झाकणाने सुमारे एक बार दाब धरला तर तेच पाणी जवळपास 120 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध पाणी असेल तर ही मर्यादा 125 अंशांच्याही वर जाते. चढावर आणि ओझ्याखाली हेच थोडे अंश उपयोगी पडतात.

येथे उलट टोकाची चूकही सांगितली पाहिजे. काही जण हौसेने पाणी न मिसळता निव्वळ दाट कूलंट भरतात. पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉल वाहून नेऊ शकत नाही, त्यामुळे असे इंजिन जास्तच तापते. दाट कूलंट निम्म्यास निम्मे मिसळावे आणि मिसळण्यासाठी पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळते ते क्षारविरहित पाणी वापरावे. थेट वापरायचे तयार कूलंट घेतले असेल तर त्यात पाणी मुळीच घालू नये. डब्यावर भारतीय मानक आयएस 5759 चा उल्लेख आहे का, हे पाहावे. रंगावर मात्र विसंबू नये, कारण हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात आणि एकाच रंगाच्या दोन डब्यांतली रसायने वेगळी असू शकतात. न जुळणारी रसायने एकत्र आली तर गाळ धरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिला आहे तोच वापरावा आणि प्रकार बदलायचाच असेल तर जुने कूलंट पूर्ण काढून, यंत्रणा धुऊन मग बदलावा. गंजरोधक द्रव्ये वापराने संपत जातात, म्हणून कूलंट स्वच्छ दिसत असले तरी मुदत पाळावी लागते. जुन्या पद्धतीच्या कूलंटची मुदत साधारण दोन वर्षे आणि सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या नव्या कूलंटची सुमारे पाच वर्षे धरली जाते.

ट्रॅक्टर आणि ट्रकच्या मालकांनी आणखी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. या इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांमध्ये लायनर ओले असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागलेले असते. प्रत्येक स्फोटाबरोबर पिस्टन लायनरच्या भिंतीवर आदळतो आणि ती भिंत अतिसूक्ष्म कंप पावते. भिंत मागे सरकते त्या क्षणी पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच भिंतीवरच फुटतात. हे अखंड चालू राहिले की बिडाचे कण उडत जातात. असा लायनर काढून पाहिला तर आतून आरशासारखा गुळगुळीत, आणि बाहेरून एका बाजूला, पिस्टनचा धक्का बसतो त्याच उभ्या पट्ट्यात, काळ्या खोल खळग्यांची रांग दिसते. बॅटरी लावून आतून पाहिले की एखाद्या खळग्यातून उजेड आरपार येतो. तिथून पाणी थेट ऑइलमध्ये उतरते, ऑइल दुधाळ होते आणि क्रँकचे बेअरिंग जाते. अवजड डिझेल इंजिनांसाठी बनवलेल्या कूलंटमध्ये ही झीज रोखणारी द्रव्ये घातलेली असतात, साध्या पाण्यात ती कुठून असणार? जिल्ह्यातल्या फाउंड्रीत उत्तम प्रतीचे बीड ओतले जाते, आमच्या मशीन शॉपमध्ये ते मायक्रॉनमध्ये मोजून घडवले जाते, आणि कूलंटच्या डब्याचे पैसे वाचवण्यासाठी तेच लायनर भंगारात जाते, हे पाहताना फार वाईट वाटते.

आता थर्मोस्टॅट व्हॉल्व्हविषयी. गाडी गरम होते म्हणून गॅरेजला नेली की व्हॉल्व्ह काढून टाकायचा, ही आपल्याकडची सर्रास चालणारी पद्धत आहे, आणि मालकालाही त्यात काही गैर वाटत नाही. हा व्हॉल्व्ह साधारण 82 ते 88 अंशांना उघडू लागतो आणि तोवर पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, जेणेकरून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला यावे. तो काढून टाकला की इंजिन थंडच चालते. डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुतले जाते, लायनर व रिंगा लवकर झिजतात, ऑइलमध्ये चिखल धरतो आणि डिझेलही जास्त लागते. एवढ्यावर हे थांबत नाही. अनेक इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह उघडताना त्याच्या खालची चकती बायपासची वाट बंद करते. व्हॉल्व्हच नसेल तर ती वाट कायम उघडी राहते, गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतो आणि ओझे वाढताच गाडी पूर्वीपेक्षाही जास्त तापते. ज्या रोगावर उपाय म्हणून व्हॉल्व्ह काढला, तोच रोग त्यामुळे वाढतो.

व्हॉल्व्ह खराब आहे की चांगला, हे तपासायला काही मोठे यंत्र लागत नाही. पातेल्यात पाणी घेऊन त्यात व्हॉल्व्ह दोऱ्याने तळाला न टेकेल असा सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. व्हॉल्व्हवर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला तर चांगला समजावा, नाही तर नवा त्याच अंशांचा बसवावा. बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. गॅरेजवाल्या बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे की, गिऱ्हाइकाने सांगितले तरी व्हॉल्व्ह काढून गाडी देऊ नये.

रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. एक दाब धरते, आणि दुसरी इंजिन थंड होताना रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या टाकीतले पाणी परत आत घेते. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चपटा पडलेला दिसला तर दुसरी झडप अडकली आहे, आणि गाडी फारशी तापलेली नसतानाही टाकी भरून वाहत असेल तर पहिल्या झडपेची स्प्रिंग गेली असण्याची शक्यता आहे. बाजारातले कुठलेही झाकण बसते म्हणून लावू नये, त्यावरचा दाबाचा आकडा जुळला पाहिजे. होज दाबून पाहावेत, फुगलेले किंवा मऊ पडलेले बदलावेत. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला असता साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबावा. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असते, तिथून थेंब येऊ लागले की पंपाचे सील गेले असे समजावे. ते भोक एम-सील लावून बुजवू नये.

उसाच्या वाहतुकीत रेडिएटर बाहेरूनही बुजतो. पाचटाचे तुकडे, धूळ आणि कारखान्याच्या आवारातला बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा जाळीत जाऊन बसतो आणि वरून तो दिसतही नाही. पुढची जाळी काढून, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पंख्यासारख्या पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. हंगामात हे काम आठवड्यातून एकदा तरी व्हावे. पुढच्या जाळीवर बांधलेले बॅनर आणि सुकलेले हारही काढून टाकावेत. श्रद्धेने घातलेला हार पूजेच्या दुसऱ्या दिवशी उतरवला तर कोणाच्या भावना दुखावण्याचे कारण नाही.

घाटातल्या प्रवासाविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण आंबा घाट, करूळ, भुईबावडा आणि फोंडा घाट चढताना तापून बॉनेट उघडी टाकून उभी राहिलेली वाहने वळणावर इतरांनाही धोक्याची ठरतात. तापमानाचा काटा चढू लागला की एसी बंद करावा, खालचा गिअर टाकून ओझे हलके करावे आणि गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण चालू करावा. प्रवाशांना त्रास होईल, पण तोही एक लहान रेडिएटरच असतो. सुरक्षित जागा मिळताच थांबावे. वाफ येत नसेल, पाणी गळत नसेल आणि काटा लाल पट्टीत गेला नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलवर चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहून उष्णता सारखी होते. या तिन्हींपैकी काहीही असेल तर इंजिन लगेच बंद करावे.

त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. ओले पोते टाकून झाकण फिरवण्याचा प्रकार घाटात नेहमी दिसतो. आत दाबाखाली 100 अंशांच्या वर तापलेले पाणी असते, झाकण सैल होताच दाब उतरतो आणि त्या पाण्याची एकदम वाफ होऊन ती तोंडावर व छातीवर येते. पोत्याने ती अडत नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो, हेही तितकेच खरे. इंजिन थंड झाल्यावर, दुसरे काहीच हाताशी नसेल, तर घाटातल्या हॉटेलातले साधे पाणी घालून घर गाठण्यास हरकत नाही. अडचणीत तेवढे चालते. मात्र घरी पोहोचल्यावर ते काढून, यंत्रणा धुऊन योग्य मिश्रण भरले पाहिजे, आणि पाणी मुळात कमी का झाले याचा शोधही घेतला पाहिजे. बंद यंत्रणेतले पाणी आपोआप आटत नाही. वरचेवर पाणी घालावे लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर गळते आहे किंवा गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये जाते आहे. इंजिन थंड असताना झाकण काढून ते चालू करावे आणि रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस्केटची तपासणी करून घ्यावी.

कित्येक जुन्या ट्रॅक्टरांचा तापमानाचा काटा बंद असतो आणि तो दुरुस्त करणे हा वायफळ खर्च मानला जातो. काटा चालू असला तरी त्याची एक मर्यादा चालकांना माहीत असायला हवी. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच तो खरे तापमान दाखवतो. होज फुटून पाणी निघून गेले तर सेन्सर हवेत लोंबकळतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. घाट चढताना काटा अचानक उतरला म्हणून निश्चिंत होऊ नये, उलट ताबडतोब थांबावे.

जुने कूलंट काढल्यावर ते कुठे टाकायचे, याचा विचार आपल्याकडे होतच नाही. इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असते, त्यामुळे गॅरेजच्या दारात सांडलेले कूलंट कुत्री आणि वासरे चाटतात व मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतात. गटारात ओतलेले कूलंट जयंती नाल्यातून पंचगंगेच्या दिशेने जाते. पंचगंगेच्या प्रदूषणावर आपल्या स्तंभांतून सातत्याने लिहिले जाते, त्यात आपल्या गॅरेजांचा वाटा नसावा, असे मला मनापासून वाटते. जुने ऑइल ड्रममध्ये साठवून अधिकृत व्यावसायिकांकडे दिले जाते, तशीच व्यवस्था जुन्या कूलंटसाठी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे महापालिका व औद्योगिक वसाहतींनी मिळून करावी. तोपर्यंत निदान झाकणबंद कॅनमध्ये, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असे ते ठेवावे.

शेवटी साखर कारखान्यांना विनंती. तोडणी-वाहतुकीचा करार करताना आणि उचल देताना कारखाने वाहनाची कागदपत्रे पाहतात, ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून घेतात, आणि त्याचा रस्त्यावर उपयोगही होतो. त्याच वेळी रेडिएटरमधले पाणी, झाकण, तापमानाचा काटा आणि फॅन बेल्ट एवढे तपासण्याची अट घालावी, थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे चालकाला विचारावे आणि कारखान्याच्या यार्डात क्षारविरहित पाण्याचा एक ड्रम ठेवावा, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या चालकाला कॅन घेऊन बोअर शोधत जावे लागणार नाही. एका गाडीच्या तपासणीला फारसा वेळ लागत नाही. ज्या कारखान्याला अशी तपासणी सुरू करायची असेल, त्यांच्या यार्डात येऊन चालकांना हे सगळे प्रत्यक्ष दाखवण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी कोणतेही मानधन नको.

आपला विश्वासू,
एक इंजिन कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर